जुन्या सॅश खिडक्यांना आतून सेकंडरी ग्लेझिंग करून घर खरंच उबदार राहतं का?

तुम्ही विचारलंय की एडिनबरात व्हिक्टोरियन काळातल्या टेनमेंटमध्ये (जुन्या दगडी बहुमजली इमारतीत) फ्लॅट घेतलाय, खिडक्या लाकडी सॅशच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या, आणि एकेरी काचेच्या आहेत, हीटिंग चालू असूनही खोलीत गारठा जात नाही. खिडक्या काढून डबल ग्लेझिंग (एकाच चौकटीत दोन काचा) करायचं, की आहे त्या ठेवून आतल्या बाजूला दुसरी काच बसवायची, म्हणजे सेकंडरी ग्लेझिंग?

दुसरी काच बसवा. मी अशाच घरात अकरा वर्षं राहतेय आणि ती काच बसवण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही अवस्था अनुभवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात आई इकडे राहायला आली होती. डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून उजेड असेपर्यंत ती खिडकीपाशी खुर्ची टाकून वाचत बसायची, खांद्यावर शाल आणि पायांवर गोधडी. थर्मोस्टॅट 21 वर होता. तरी ती रोज विचारायची, "खिडकी नीट लावली आहेस ना गं? मग वारा कुठून येतोय?" एका संध्याकाळी देवापुढची उदबत्ती घेऊन मी चौकटीभोवती फिरवली. वरची आणि खालची सॅश जिथे एकमेकींवर येतात, तिथे धूर वर जायचा सोडून आडवा घरात वळत होता. खालच्या कोपऱ्यात तर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं उदबत्तीचं टोक लाल झालं. तुम्हीही हे आजच करून बघा, वारा सुटलेला असेल तेव्हा. कुठून काय येतंय ते पाच मिनिटांत कळेल.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. एक फटींचा आणि दुसरा काचेचा. काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. 4 मिलिमीटरच्या जागी 6 मिलिमीटरची घातली तरी फरक नगण्य. अडवते ती दोन काचांमध्ये कोंडलेली हवा. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर असतात आणि ऊब थरांमधल्या हवेने धरलेली असते, तसंच हे. एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू 5 च्या वर असतो, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमधून 5 वॉटपेक्षा जास्त उष्णता निघून जाते. टेनमेंटची खिडकी सहज 2 चौरस मीटरची असते. आत 20 अंश आणि बाहेर 0 असेल तर त्या एका खिडकीतून 200 वॉटच्या वर गेले, आणि त्यात फटी धरलेल्याच नाहीत.

ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने 2008 साली हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी अशाच जुन्या सॅश खिडकीवर मोजमापं केली होती. जाड पडद्यांनी काचेतून जाणारी उष्णता 14 टक्क्यांनी कमी झाली, जुन्या लाकडी शटर्सनी (खिडकीवर आतून लावायच्या घडीच्या फळ्यांनी) 51 टक्क्यांनी आणि सेकंडरी ग्लेझिंगने 63 टक्क्यांनी. हे आकडे वाचून मी आधी पडद्यांवर खर्च करायचा विचार सोडला आणि मग भिंतीतली शटर्स शोधायला लागले.

हो, शोधायला! तुमच्याकडेही असतील. खिडकीच्या दोन्ही अंगांना लाकडी पॅनेल दिसतं ना, ते बऱ्याचदा घडी घातलेलं शटरच असतं, वर्षानुवर्षांच्या रंगाने चिकटून बसलेलं. आम्ही रंगाचा सांधा पातळ पात्याने हळूहळू कापला, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि ती उघडली. (जुना रंग खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं.) सेकंडरी ग्लेझिंगची चौकट सॅश आणि शटर यांच्या मधल्या जागेत बसेल इतकी बारीक घ्या, म्हणजे रात्री शटरही लावता येतं. हे मापाच्या वेळीच सांगावं लागतं.

आता ज्यात आमची फसगत झाली ते. बसवणाऱ्याने उत्साहाने बाहेरच्या जुन्या सॅशच्या फटीही गच्च बुजवल्या आणि आतल्या चौकटीचं सील मात्र एका बाजूला सैल राहिलं. घरात कुकरची वाफ, पोळ्या, रॅकवर वाळणारे कपडे. ती दमट हवा सैल सीलमधून दोन काचांमध्ये शिरायची, बाहेरच्या थंड काचेवर तिचं पाणी व्हायचं आणि तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. महिन्याभरात खालच्या लाकडावर काळी बुरशी धरली. नियम उलटा आहे: आतली काच घट्ट, बाहेरची खिडकी थोडी श्वास घेणारी. बाहेरच्या फटींतलं भरण काढलं, आतलं सील बदललं, आणि ते धुकं गेलं.

नीट बसवलं की खोलीतल्या काचेवरचं पाणीही थांबतं. कारण सोपं आहे. बाहेर 0 आणि आत 20 अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग 5-6 अंशांवर असतो. दुसरी काच आली की खोलीकडचा पृष्ठभाग साध्या काचेनेही 12-13 अंशांच्या आसपास येतो, लो-ई काचेने त्याहून वर. लो-ई म्हणजे उष्णता परत खोलीकडे परतवणारा पातळ थर दिलेली काच. थोडी महाग आहे पण घ्याच. थराची बाजू दोन काचांमधल्या पोकळीकडे हवी. गार काचेशेजारी बसलं की खोली 20 अंशांवर असूनही अंगाला थंडी वाजते, तेही यामुळे कमी होतं. आम्ही आता थर्मोस्टॅट 19 वर ठेवतो. पुढच्या खेपेला आई आली तेव्हा खुर्ची त्याच जागी होती आणि गोधडी पलंगावर.

आवाजाचं मात्र वेगळं गणित आहे. उबेसाठी दोन काचांत 16-20 मिलिमीटर अंतर पुरतं. रस्त्यावरच्या दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर थांबवायची असेल तर 100 मिलिमीटर तरी हवं, 150 असेल तर उत्तम, आणि आतली काच बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची. जुन्या जाड भिंतींमुळे इतकी जागा मिळू शकते. आवाजाच्या बाबतीत सेकंडरी ग्लेझिंग साध्या डबल ग्लेझिंगपेक्षा सरस ठरतं, कारण डबल ग्लेझिंगच्या दोन काचांत एवढं अंतर नसतंच. पण शटर वापरायचं असेल तर अंतर कमी मिळेल. झोपायच्या खोलीत आम्ही आवाज निवडला, दिवाणखान्यात शटर.

बजेट कमी असेल तर चुंबकाच्या पट्टीवर बसणारे ॲक्रिलिकचे पत्रे मिळतात. उन्हाळ्यात काढून पलंगाखाली ठेवता येतात, ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून मऊ फडक्यानेच पुसा. भाड्याच्या घरात हेच बरं, मालकाला विचारून.

परवानगीचं म्हणाल तर, कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायला राखलेल्या भागात) आतल्या बाजूच्या कामाला सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, पण इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत, असेल तर काउन्सिलला आधी लेखी विचारा.

झोपायच्या खोल्यांत सरकणारी किंवा बिजागरीची चौकटच घ्या. आग लागली तर खिडकी चटकन पूर्ण उघडता आली पाहिजे. स्क्रूने पक्की केलेली काच तिथे नको. आणि माप घेणारा प्रत्येक खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजतोय का, ते समोर उभं राहून बघा. आमच्या घरातली एकही खिडकी काटकोनात निघाली नव्हती.