हसवता हसवता धक्का देणाऱ्या मुलीने पुढे काय शिकावं?

(पत्राचा सारांश: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गणेशोत्सवात तिने दोन एकांकिका लिहून बसवल्या. दोन्ही विनोदी, पण शेवटी धक्का. पहिलीत विसराळू आजोबा घरी आलेल्या माणसाला प्लंबर समजून कामाला लावतात आणि शेवटी कळतं, तो त्यांचा मुलगाच आहे. दुसरीत सगळं स्वप्न निघतं. काही ज्येष्ठ मंडळी रागावली, ‘गणपतीत रडवता कशाला?’ तिला नाटक शिकायचंय, बाबा म्हणतात सीए कर. यात पोट भरेल का?)

ताई, नमस्कार.

आधी पहिल्या एकांकिकेबद्दल बोलते. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो ‘प्लंबर’ स्वयंपाकघरात जातो, कुणाला न विचारता वरच्या फळीवरचा पेला काढून पाणी पितो आणि तिथे सगळ्यात मोठा हशा पिकला. लोकांना वाटलं, काय आगाऊ माणूस आहे! पण त्या घरात वाढल्याशिवाय पेला कुठे असतो हे कसं ठाऊक असेल? खूण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती आणि हशाखाली झाकली गेली. हसणारा प्रेक्षक बेसावध असतो, शंका घेत नाही. म्हणून विनोदातून आलेला धक्का जास्त बसतो. या वयात तिला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मंडळींना रडू आलं, कारण ज्यावर ही मंडळी हसली होती त्या प्रत्येक वाक्याचा अर्थ एका क्षणात बदलला.

दुसरी मात्र फसली. ‘स्वप्न होतं’ म्हटलं की आधीचं सगळं रद्द होतं. शेवट कळल्यावर नाटक पुन्हा पहिल्यापासून बघावंसं वाटलं, तरच धक्कातंत्र साधलं. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे निर्वहण संधीत, अद्भुत रस, म्हणजे आश्चर्य हवं असं सांगितलंय. पण आधी पेरलेलं बीज त्याच संधीत फळाला यायला हवं, हेही तिथेच आहे. पेल्याच्या प्रसंगात तिने ते नकळत केलं. जाणूनबुजून कसं करायचं, ते शिकता येतं.

शिकण्यासाठी लगेच घर सोडायची गरज नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत नाट्यविभाग आहे. या फॅकल्टीची मुळं थेट १८८६ साली सयाजीरावांच्या काळात सुरू झालेल्या संगीतशाळेपर्यंत जातात. बारावीनंतर तिथे नाट्य विषयात बीपीए, म्हणजे परफॉर्मिंग आर्ट्सची पदवी, करता येतं. माझं मत स्पष्ट आहे: तिने हेच करावं. रोज तालीम, अनोळखी नट आणि ओळखीपाळखीचा नसलेला प्रेक्षक तिला आता हवाय. गणपती मंडळाचे लोक आपल्या मुलीच्या विनोदाला हसतातच.

बाबांचा आग्रह कॉमर्सच्याच पदवीचा असेल तर बीकॉमनेही दार बंद होत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेतला पटकथालेखनाचा अभ्यासक्रम, दोन्हीकडे कुठल्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. नाट्य विद्यालयाला रंगभूमीचा अनुभवही लागतो. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, आणि तालमी मात्र एकत्र निभत नाहीत, हे त्यांना शांतपणे सांगा.

पोटाचं विचाराल, तर पहिली काही वर्षं मिळकत बेभरवशाची असते, हे धरूनच चाला. केवळ प्रायोगिक नाटकावर घर चालत नाही. पण तिच्याकडे मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषा आहेत आणि बडोद्याच्या मुलांना ही आपली केवढी जमेची बाजू आहे हे कळतच नाही! मुंबईत गुजराती व्यावसायिक रंगभूमी विनोदी नाटकांवर उभी आहे, सामाजिक मंडळं अख्खे प्रयोग विकत घेतात. मालिका आणि वेब सिरीजना संवादलेखक लागतात. जाहिरातीत तर तीस सेकंदांत हसवून शेवटच्या दोन सेकंदांत कलाटणी द्यायची असते. तिकडे ओढा वाटला तर पदवीनंतर जाहिरात आणि संवादकला शिकवणारी अहमदाबादची मायका (MICA) ही संस्था आहेच. मुंबईत कुणाला संहिता वाचायला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती नोंदवून घ्यावी. यात आळस नको.

प्रवेशाच्या तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघत राहा. दुसऱ्या एकांकिकेचा शेवट मात्र परीक्षा संपल्यावर तिला नव्याने लिहायला सांगा, स्वप्न न वापरता. आणि त्याचं पहिलं वाचन बाबांसमोर होऊ द्या.