गाडीचा माग कोण ठेवतं आणि किती दिवस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली, सोसायटीत कुणीतरी सांगितलं की तिच्यात चिप असते आणि पोलिसांना गाडी कुठे आहे ते सतत दिसतं. कासारवडवलीहून ऐरोलीला जाताना वाटेत जिथे तिथे कॅमेरे दिसतात. हे कायद्यात बसतं का, आणि आपल्याला काही करता येतं का? त्याखाली एकांनी लिहिलंय, "ज्यानं काही केलंच नाही त्यानं कशाला घाबरायचं?" दोघांनाही उत्तर देते. लांबेल, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

मी कोपरखैरण्याला राहते. महापे आणि ऐरोलीच्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करायचा माझा व्यवसाय आहे, यंदा सतरा वर्षं झाली. तीन शिफ्ट, सव्वीस गाड्या. त्यामुळे कोणती गाडी कुठे होती, किती वेळ थांबली, हे बघणं माझं रोजचं काम आहे.

आधी चिपचं. एचएसआरपीत चिप नाही आणि जीपीएसही नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि तोडल्याशिवाय निघत नाही असं लॉक, एवढंच तिच्यात असतं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती सुरुवातीपासूनच बसवलेली असते, जुन्या गाड्यांना आता बसवतायत. प्लेट स्वतःहून कुणाला काही कळवत नाही. मात्र सगळ्या प्लेटांवरची अक्षरं एका मापाची, एका वळणाची आणि प्रकाश परत फेकणारी झाल्यामुळे कॅमेऱ्याला त्या वाचणं सोपं झालं, हे खरं आहे.

फास्टॅगचंही तसंच. त्याला बॅटरी नसते. रीडरच्या लहरी अंगावर आल्या की तेवढ्यापुरता तो आपला क्रमांक सांगतो. त्याची नोंद टोलनाक्यावर होते, मॉलच्या पार्किंगमध्ये होते आणि बँकेच्या खात्यात राहते. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर हे पाच नाके १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या गाड्यांना मोफत झाले, त्यामुळे तुमच्या रोजच्या ऐरोलीच्या फेरीत तर टोलचा व्यवहारच होत नाही.

उरतात ते कॅमेरे, आणि माझ्या मते खरा प्रश्न त्यांचाच आहे. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याला एएनपीआर म्हणतात. तो इन्फ्रारेड प्रकाशात प्लेटचा फोटो घेतो, त्यातली अक्षरं ओळखतो आणि चोरीच्या किंवा हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी जुळवून बघतो. जुळली तर कंट्रोल रूमला इशारा जातो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. चोरीला गेलेली गाडी सापडावी, धडक देऊन पळालेला पकडला जावा, असं मलाही वाटतं. रात्री दोन वाजता तुर्भ्याहून मुलींना घरी सोडणाऱ्या गाड्या माझ्या आहेत.

प्रश्न सुरू होतो तो यादीशी न जुळलेल्या गाडीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. दोन जागांमधलं अंतर कापायला गाडीला किती वेळ लागला त्यावरून ते वेग काढतात. म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याला समोरून जाणारी प्रत्येक गाडी टिपावीच लागते, कारण त्या क्षणी कुणीच काही चुकलेलं नसतं. दुसऱ्या कॅमेऱ्यापाशी बहुतेक गाड्या नियमात निघतात. मग त्यांच्या नोंदीचं काय होतं? मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आहे, आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आला. कॅमेऱ्याला दरवर्षी मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, आधी सूचनाफलक हवा, चूक झाल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस हवी आणि चलान निकाली निघेपर्यंत पुरावा जपायचा, असं तो सांगतो. चुकणाऱ्याच्या नोंदीला सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरवून दिले आहेत. न चुकणाऱ्याची नोंद कधी पुसायची, याबद्दल त्यात काही नाही.

आता "घाबरायचं कशाला" म्हणणाऱ्यांसाठी एक घटना सांगते. ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

आमच्या गाड्यांना जागा दाखवणारं यंत्र आणि पॅनिक बटण असतं. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना ते १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं आहे; रिक्षा आणि दुचाकींना त्यातून सूट आहे. त्यातून रोज थांब्यांचा अहवाल निघतो. त्यात मला दिसलं, की एक गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची शिफ्ट सोडली की खारघरला जाते आणि चाळीस-पन्नास मिनिटं एकाच जागी उभी राहते. दीड महिन्याचे अहवाल काढले, प्रत्येक आठवड्यात तेच. मी ड्रायव्हरला ऑफिसात बोलावलं आणि बाकीच्यांसमोर डिझेलचा हिशेब विचारला. तो खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, पगारातून कापा." दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोची फाइल आणून माझ्या टेबलावर ठेवली. ती जागा कॅन्सर हॉस्पिटलच्या गेटाजवळची होती. त्यानं घरात आईलाही अजून सांगितलं नव्हतं.

त्याचा एकेक थांबा वेगळा बघितला असता तर त्यातून काहीच कळलं नसतं. दीड महिना ओळीनं लावल्यावर त्या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख माझ्या एक्सेल शीटमध्ये येऊन बसलं. मी त्याची मालकीण होते, गाडी माझी होती, यंत्र कायदेशीर होतं. तरीही ते कळण्याचा मला काही अधिकार नव्हता.

त्या आठवड्यात मी ऑफिसचे नियम बदलले. थांब्यांचा अहवाल आता दोघांनाच उघडता येतो. कुणी उघडला, कधी आणि कशासाठी, ते वहीत लिहायचं. यंत्राच्या पुरवठादाराकडून लेखी घेतलं की आमच्याकडची नोंद साठ दिवसांनी पुसली जाईल; अपघात किंवा तक्रार असेल तेवढीच बाजूला ठेवायची. आणि नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी मराठीतून किंवा हिंदीतून सांगायचं, की गाडीवर यंत्र आहे आणि त्यात काय दिसतं.

पोलिसांकडून माझी मागणी एवढीच आहे. कॅमेरे काढा असं मी म्हणत नाही. किती दिवस ठेवता, कोण बघतं आणि बघितल्याची नोंद कुठे होते, हे जाहीर करा. सव्वीस गाड्यांसाठी हे मला जमतं, तर आयुक्तालयाला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

बाहेर कुठे काय चालतं त्याचा थोडा अंदाज देते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात यादीशी न जुळलेली नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. ब्रिटनमध्ये बारा महिने ठेवतात, आणि तिथेच २०२० मध्ये शेफिल्ड शहराच्या प्लेट वाचणाऱ्या यंत्रणेतल्या सुमारे ८६ लाख नोंदी पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघड्या सापडल्या. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं डिसेंबर २०१८ च्या निर्णयात सांगितलं, की यादीशी न जुळलेली प्लेट लगेच पुसली तरी ती तपासणं ही त्या माणसाच्या हक्कात केलेली दखल आहेच, त्यामुळे तिला पुरेसं कारण लागतं.

आपल्याकडचा कायदा इथवर कसा आला, तेही माहीत असायला हवं. उत्तर प्रदेशातला खडक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलीस त्याच्यावर पाळत ठेवायचे, रात्री येऊन दार वाजवायचे. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रात्रीचं घरी येणं तेवढं रद्द केलं. त्याच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणं मात्र बहुमतानं चालवून घेतलं. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि शहा यांनी वेगळं मत दिलं, की पाळतीचा तो सगळा नियमच घटनाबाह्य आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि खडक सिंग निकालातला उलटा भाग रद्द केला. तेव्हापासून सरकारला त्या हक्कात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या मानानं उपाय बेताचा हवा.

यातला आपल्या ठाण्याचा एक धागा मला फार जवळचा वाटतो. ८ जुलै २०२४ ला फ्रँक व्हायटस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की जामिनावर सुटलेल्या आरोपीला गुगल मॅपवरून तपास अधिकाऱ्याला सतत आपली जागा कळवत राहण्याची अट घालता येणार नाही. निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती अभय ओक, ज्यांनी १९८३ मध्ये वडिलांच्या हाताखाली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातून वकिली सुरू केली. आरोपीलासुद्धा एवढं संरक्षण आहे. मग ज्याच्यावर आरोपच नाही त्याच्या गाडीची रोजची वाट कुणी किती दिवस साठवायची, हे विचारण्यात गैर काय?

फोनशी तुलना केली की कायद्यातली फट स्पष्ट दिसते. फोन चोरून ऐकायचा तर गृहसचिवाच्या पातळीवरचा आदेश लागतो आणि तो आढावा समितीपुढे जातो. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या १९९६ च्या निकालातून ही चौकट उभी राहिली. गाडीच्या सहा महिन्यांच्या वाटा काढायला अशी चौकट नाही. विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण गुन्ह्याच्या तपासाला त्यात सूट आहे, आणि कलम १७(२) खाली केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून जवळजवळ पूर्णच वगळू शकतं.

एकदा साठवलेली माहिती साठवलेल्या जागीच राहत नाही, हेही आपण बघितलंय. २०१८ मध्ये फोनचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकणारे खाजगी गुप्तहेर पकडले गेले. पकडले ते आपल्याच ठाणे पोलिसांनी, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. आणि आरटीओत आपण दिलेली माहिती? केंद्र सरकारनं 'वाहन' (गाड्यांची नोंदणी) आणि 'सारथी' (लायसन्स) या आपल्या डेटाबेसमधली माहिती ८७ खाजगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी यंत्रणांना दिल्याचं, त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचं जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगितलं. गैरवापराची भीती पटल्यावर ते धोरण जून २०२० मध्ये मागे घेतलं.

नोंद कुणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं. एकदा माझ्या मिनीबसला कल्याणच्या एका रस्त्यावरचं ई-चलान आलं. बस त्या दिवशी महाप्यातून हललीच नव्हती. फोटो बघितला तर एक स्कूटर, यंत्रानं ८ चा बी वाचला होता. मी जीपीएसचा अहवाल जोडून तक्रार केली, चलान रद्द झालं. ज्याच्याकडे असा अहवाल नाही त्यानं काय दाखवायचं?

आता तुम्ही काय करायचं. प्लेटला टेप लावणं, स्प्रे मारणं, वाकवणं असले उद्योग अजिबात करू नका. तो गुन्हाही होतो आणि नाकाबंदीत पहिली तुमचीच गाडी बाजूला घेतात. गाडी विकलीत तर आरसी नावावरून उतरवा आणि फास्टॅग बंद करा. जुनी गाडी घेतलीत आणि तिला कंपनीचं मोबाइल ॲप असेल तर सर्व्हिस सेंटरमधून आधीच्या मालकाचं खातं काढून घ्या. माझ्या माहितीतल्या एका बाईंना आठ महिन्यांनी कळलं, की आधीच्या मालकाला त्यांची गाडी रोज दिसत होती.

सगळ्यात महत्त्वाचं काम माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. कॅमेरे नेमके कुठे आहेत ते विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. कुणाचं नावही मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून परत येईल. धोरण विचारा: प्लेट वाचलेली पण यादीशी न जुळलेली नोंद किती दिवस ठेवण्याचा आदेश आहे, त्या आदेशाची प्रत, नोंद शोधण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना आहे, शोधल्याची नोंद ठेवली जाते का, गेल्या वर्षी त्या नोंदींची तपासणी किती वेळा झाली, खाजगी ठेकेदाराला ही माहिती दिसते का, आणि करारातल्या त्या कलमाची प्रत. बरेच कॅमेरे महापालिकेच्या पैशातून लागलेले असतात, म्हणून एक अर्ज पालिकेलाही करा. "आमचा विषय नाही" म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच तो योग्य जागी पाठवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

कासारवडवली ठाणे आयुक्तालयात येतं, ऐरोली नवी मुंबईत. तुमची रोजची वाट दोन्हींतून जाते, म्हणून अर्जही दोन्हीकडे हवेत. नवी मुंबई आयुक्तालयाचा, म्हणजे बेलापूरचा, मी या सोमवारी देते. ठाण्याचा तुम्ही लिहा, मसुदा आधी इथे टाका, शब्द दीडशेत बसवून देते.