शाळांनी एकमेकांत वापरायच्या शैक्षणिक साहित्याचं ऑनलाइन भांडार उभारायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअर निवडण्याआधी नोंदीचा फॉर्म ठरवा, कारण साहित्य सापडणं त्यावरच अवलंबून असतं. सात रकाने पुरतात: इयत्ता, विषय, घटक, प्रकार (स्वाध्याय, चाचणी, चित्र, व्हिडिओ), भाषा, तयार करणाऱ्याचं नाव, परवाना (इतरांनी साहित्य कोणत्या अटींवर वापरायचं ते). इयत्ता आणि विषय टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर ‘पाचवी’, ‘५वी’ आणि ‘इ. ५’ अशा तीन तऱ्हा होतात आणि शोधणाऱ्याच्या हाती एकच लागते. परवान्याचा रकाना मात्र सक्तीचा हवा. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार खुल्या परवान्यांपैकी ‘सीसी बाय-एसए’ सोयीचा आहे: मूळ श्रेय देऊन कुणीही बदल करू शकतो, फक्त बदललेली प्रत त्याच परवान्याखाली द्यावी लागते. गाडी बहुधा इथेच अडते. पुस्तकातलं स्कॅन केलेलं पान किंवा इंटरनेटवरून उचललेलं चित्र आपल्याला खुलं करण्याचा हक्कच नसतो, त्यामुळे अशी फाइल तपासणीतच थांबवा. पीडीएफसोबत मूळ फाइलही घ्या, तीही युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतो, शोधातही येत नाही. चार-पाचच शाळा असतील तर सामायिक ड्राइव्ह आणि एक स्प्रेडशीट पुरे; डीस्पेससारखी खास डिजिटल भांडारांसाठीची प्रणाली मोफत असली तरी सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट सांभाळणारा माणूस कायमचा लागतो.