देवदर्शन, गाऱ्हाणे आणि मत: वाचकांचे प्रश्न

गोव्याच्या निवडणुकीतल्या देवाधर्माविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न एकसारखे होते, म्हणून ते एकत्र केले.

आमच्या देवळात उमेदवार प्रचाराचा नारळ ठेवायला येतात, गाऱ्हाणे (देवापुढे मोठ्याने मांडलेले मागणे) घालायला सांगतात. सोबत कार्यकर्ते आणि कॅमेरे असतात. समितीने काय करावे? (देवस्थान समितीचे एक पदाधिकारी, डिचोली)

दर्शन अडवू नका. उमेदवार हाही भक्तच असतो. त्याने नारळ ठेवला, कौलप्रसाद (देवाचा कौल) घेतला, स्वतःच्या यशासाठी मागणे केले, तर त्यात कायद्याचा भंग नाही. पण तेच गाऱ्हाणे ध्वनिक्षेपकावरून, गाव जमवून, गळ्यात पक्षाचा पट्टा घालून झाले आणि ‘गावाने याच्याच पाठीशी राहावे’ असे शब्द त्यात आले, की तो प्रचार होतो. आदर्श आचारसंहितेत देऊळ, मशीद, चर्च यांचा प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापर करण्यास स्पष्ट मनाई आहे.

समितीने जास्त जपायला हवे ते धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, 1988 ला. तो आचारसंहितेपुरता नाही, बारा महिने लागू असतो. संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली जागा राजकीय कामासाठी वापरू दिली, तर जबाबदारी कारभार पाहणाऱ्यांवर येते. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. जागा म्हणजे फक्त गर्भकुडी नव्हे. सभामंडप, प्राकार, अग्रशाळा हे सगळे त्यात येते. लग्नामुंजीला भाड्याने जाणारी अग्रशाळा ‘कार्यकर्ता मेळाव्या’ला देताना समित्यांची हमखास चूक होते. भाडे घेतले, पावती फाडली, म्हणून सुटका होत नाही.

आचारसंहिता लागताच समितीची बैठक घ्या आणि ठराव इतिवृत्तात लिहा: कोणाही उमेदवाराचा समितीतर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार नाही, देवळाचा माईक मिळणार नाही, पट्टे आणि झेंडे प्राकाराबाहेर ठेवावे लागतील. त्याची प्रत दाराशी लावा आणि पुजाऱ्यांच्या हातीही द्या. आयत्या वेळी पुजाऱ्यालाच गाठले जाते आणि गावच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे त्याला जड जाते. ठराव हाती असला की त्याला आधार मिळतो. गाऱ्हाणे साऱ्या गावाच्या बऱ्यासाठी असते. ते एका पक्षाच्या दावणीला बांधू देऊ नये, हे आमचे ठाम मत आहे.

देवासमोर पक्षनिष्ठेची शपथ घेतलेला आमदार पक्ष सोडून गेला, तर त्याला अपात्र ठरवता येते का? (एक वाचक, मडगाव)

त्या शपथेच्या आधारावर नाही. 22 जानेवारी 2022 रोजी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला पक्षाच्या 11 पैकी 8 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. आठच का? राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, अपात्रता टाळणाऱ्या विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. 11 चे दोन तृतीयांश सातहून थोडे जास्त, म्हणजे आठ. कायदा मोजतो तो हा आकडा.

कायद्याला ठाऊक असलेली शपथ वेगळी. उमेदवारी अर्ज भरल्यावर प्रत्येक उमेदवाराला घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते, तीही अर्जांच्या छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. ती ईश्वराच्या नावाने घेता येते किंवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्हींचे वजन सारखेच. म्हणून शपथेची छायाचित्रे पाहून मत ठरवू नका. त्या माणसाने आधी किती वेळा पक्ष बदलला, ते पाहा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचे सामान, भजनी मंडळांना पेटी-पखवाज, यात्रेला बसगाड्या. ही लाच नव्हे का? (एक वाचक, पेडणे)

इथे सगळे तारखेवर अवलंबून आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 नुसार निवडणूक याचिकेत (निवड रद्द करण्यासाठी केलेल्या अर्जात) ‘उमेदवार’ म्हणजे रीतसर अर्ज भरलेला माणूस. अर्ज भरण्यापूर्वीच्या कृत्यावरून निवड रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. आचारसंहिताही कार्यक्रम जाहीर झाल्यावरच लागते. गोव्यात 2022 चे मतदान 14 फेब्रुवारीला झाले, चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यामुळे इच्छुकांची चवथीची उदारता बहुधा दोन्ही जाळ्यांतून निसटते. ही कायद्यातली मोठी फट आहे आणि ती बुजवायला हवी.

जाहीरनाम्यातली तीर्थयात्रेची आश्वासने आणखी निराळी. 2021 मध्ये आम आदमी पक्षाने अयोध्या, वेलांकणी, अजमेर, शिर्डी अशा मोफत यात्रांचे आश्वासन गोव्यात दिले होते. जाहीरनाम्यातले आश्वासन हे भ्रष्ट आचरण (निवड रद्द होऊ शकते असा गैरप्रकार) ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे.

अर्ज भरल्यावर मात्र फेस्त (चर्चचा उत्सव), जत्रा, सप्ताह यांना दिलेली देणगी अंगाशी येते. देवस्थानाच्या नेहमीच्या महाप्रसादाला साधा भक्त म्हणून जेवून आला तर तो खर्च उमेदवाराच्या नावावर धरत नाहीत. त्याने पैसे दिले किंवा तिथे मते मागितली तर धरतात. गोव्यात विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा 28 लाख रुपये आहे.

कपाळी टिळा, पत्रकावर देवाचा फोटो, ‘आपल्या धर्माचा माणूस’, यांत काय चालते? (एक वाचक, फोंडा)

टिळा चालतो. बाकी दोन्ही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागणे किंवा मत देऊ नका म्हणणे, तसेच त्यासाठी धार्मिक चिन्हे वापरणे हे भ्रष्ट आचरण आहे. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की उमेदवाराइतकाच मतदाराच्या धर्माचा आधार घेणेही निषिद्ध आहे.

मराठीप्रेमींनी यातला ‘भाषा’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून झटेन, असे आश्वासन देता येते. भाषेच्या रक्षणासाठी राजकीय प्रयत्न करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच मान्य केला आहे. ‘तो मराठीवाला, म्हणून त्याला मत द्या’ हे मात्र म्हणता येत नाही.

महाराजांनी किंवा पाद्रीबाबांनी नाव घेऊन सांगितले तर? (एक वाचक, म्हापसा)

धर्मगुरूलाही मत असते आणि अमुक उमेदवार बरा वाटतो एवढे तो सांगू शकतो. ‘न दिल्यास देव कोपेल’ म्हटले, किंवा अनुयायांना पर्यायच उरणार नाही असा हुकूम काढला, की तो कलम 123(2) खालचा गैरवाजवी दबाव होतो. शिखांतल्या नामधारी पंथाच्या गुरूच्या अशा फर्मानावरून सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये तसाच निकाल दिला होता. भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत.

तक्रार करतो, पण काहीच होत नाही. चुकते कुठे? (अनेक वाचक)

बहुधा पुराव्यात. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली चित्रफीत पाठवली जाते आणि खाली ‘धार्मिक प्रचार’ एवढेच लिहिलेले असते. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपमध्ये गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. ॲप उघडून, फोनचे लोकेशन चालू ठेवून तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रीकरण करा आणि पाच मिनिटांत पाठवा. नाव न देताही तक्रार होते, आणि ती 100 मिनिटांत निकाली काढायची असते. वाक्य कोंकणीत बोलले असेल तर कोंकणीतच, जसेच्या तसे लिहा. बोलणारा कोण, उमेदवार हजर होता का, हे लिहा, कारण उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती दाखवता आली नाही तर याचिका तिथेच लटकते. पंचायत आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या तक्रारी निर्वाचन अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

निवड रद्द करून घ्यायची तर पर्वरीला उच्च न्यायालयात याचिका लागते. मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. निकालापासून 45 दिवस मिळतात, एक दिवसही वाढवून मिळत नाही. 2,000 रुपये अनामत, भ्रष्ट आचरणाचा तारीख-वेळ-स्थळासह तपशील आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागते. चित्रीकरणाची प्रत जोडायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र हवे. ज्या फोनवर मूळ चित्रीकरण आहे तो खटला संपेपर्यंत विकू नका, दुरुस्तीला देऊन पुसूनही घेऊ नका.