लुमेन वेगळं असेल तरच चालतं, थ्री-वे वेगळा असून नाही

"सेंट्रल लाइन आहे, मोठ्या शिरेत जातंय, काही होत नाही," असं तुमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या आणि मिडाझ (गुंगीचं औषध मिडाझोलाम) चालू असलेल्या थ्री-वेतून (नळीला औषधं जोडायचा तीन तोंडांचा कॉक) लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देताच नळी दुधासारखी पांढरी झाली, हे वाचलं आणि आमचा जुना आयसीयू आठवला. शीर मोठी असली म्हणून ही दोन औषधं एकत्र चालतात का, ही तुमची शंका अगदी रास्त आहे. मिडाझ आम्लधर्मी, लॅसिक्स अल्कधर्मी. साका नळीतच धरतो, रक्तापर्यंत पोचायच्या आधी. मग शीर मोठी असून काय उपयोग?

ट्रिपल लुमेन म्हणजे आत तीन स्वतंत्र मार्ग (लुमेन) असलेली सेंट्रल लाइन. तिची तीन तोंडं आत वेगवेगळ्या अंतरावर उघडतात, म्हणून न जुळणारी औषधं दोन लुमेनमधून एका वेळी देता येतात. एकाच लुमेनला तीन थ्री-वे जोडले तर ती एकच नळी. (नवजात बाळ मात्र अपवाद. 28 दिवसांपर्यंत सेफ्ट्रिअॅक्सोन (अँटिबायोटिक) आणि शिरेतून कॅल्शियम वेगळ्या लाइनमधूनही नाही.)

आमच्याकडे खरेदी विभागाने पैसे वाचवायला ट्रिपल बंद करून डबल लुमेन आणले. एक लुमेन नॉरअॅडला (बीपी टिकवणारं नॉरअॅड्रेनालिन), बाकी सगळं दुसऱ्यात. फार्मसीकडे कशात काय चालतं याचा तक्ता मागितला, तर "पाकिटातला कागद वाचा" हे उत्तर. एका रात्री कॅल्शियम ग्लुकोनेटपाठोपाठ मध्ये फ्लश न देता (नळी न धुता) सोडाबायकार्ब गेलं आणि ते लुमेन चोक झालं. सेप्सिसचे आजोबा, मांडीत नवी लाइन टाकावी लागली, आणि तिचं बिल नातेवाइकांना! त्याचा राग मला आजही आहे.

नॉरअॅडच्या लुमेनमधून बोलस (एकदम दिलेला डोस) किंवा फ्लश कधीच देऊ नका. नळीत उरलेलं औषध एकदम आत ढकललं जातं, बीपी झपकन चढतो आणि मग नवीन औषध पोचेपर्यंत कोसळतो. टीपीएनलाही (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) स्वतंत्र लुमेन ठेवा. फ्लश सहसा एनएसचा (नॉर्मल सलाइन), पण अॅम्फोटेरिसिनला (बुरशीवरचं औषध) डी-5चाच (5% डेक्स्ट्रोज), आणि फेनिटॉइनजवळ (फिट्सचं औषध) डेक्स्ट्रोज फिरकू द्यायचं नाही.

नळी पुन्हा पांढरी दिसली तर पुढे ढकलू नका. दोन्ही औषधं थांबवा, क्लॅम्प लावा, डॉक्टरांना बोलवा. लुमेनमधलं मागे ओढायचं की काय, ते त्यांना ठरवू द्या; बाहेरची नळी आणि थ्री-वे मात्र बदलाच. मी तुमचा पेशंट पाहिलेला नाही, शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा आणि प्रोटोकॉलचा. पण घडलेलं नर्सिंग नोट्समध्ये वेळेसकट लिहा, इन्चार्जना आवडो न आवडो.