'जीनोमिक इम्प्रिंटिंग'ला मुद्रांकन म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की 'जीनोमिक इम्प्रिंटिंग'ला 'जनुकीय मुद्रांकन' म्हणावं का, आणि ते का उत्क्रांत झालं हे सांगताना 'कॉन्फ्लिक्ट'ला 'संघर्ष' चालेल का.

मला मुद्रांकन नाही पटत, वाचलं की मुद्रांक शुल्कच आठवतं. 'ठसा' म्हणा ना सरळ. जनुकातली अक्षरं इथे बदलतच नाहीत, वर फक्त रासायनिक खूण बसते की ही प्रत आईकडची, ही बापाकडची, आणि त्यावरून दोनातली एक गप्प राहते. पुढच्या पिढीसाठी बीजपेशी (शुक्राणू किंवा अंडं) तयार होताना हा ठसा पुसून नवा बसतो, म्हणजे पुरुषाला आईकडून मिळालेली प्रतसुद्धा त्याच्या शुक्राणूतून जाताना बापाचाच ठसा घेऊन जाते.

मात्र 'मातृठसा असलेलं जनुक' असं कृपया लिहू नका, कारण आईकडची प्रत चालू की बंद हे त्यातून कळत नाही. 'बापाकडची चालू, आईकडची बंद' असं लांबलचक लिहिलेलंच बरं!

आता 'संघर्ष'. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आईला तिची सगळी पिल्लं सारखीच, तिला ताकद सगळ्यांसाठी राखून ठेवायचीय, पण तिच्या पुढच्या पिल्लाचा बाप वेगळा असू शकतो, म्हणून बापाकडून आलेल्या जनुकांचा फायदा या गर्भाने आईकडून जास्त ओढून घेण्यात असतो. उंदरात हे अगदी दिसतं, गर्भाची वाढ करणाऱ्या आयजीएफ२ या जनुकाची बापाकडची प्रत चालू असते आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला पकडून निकालात काढणाऱ्या आयजीएफ२आर या जनुकाची आईकडची. दोन्ही गोष्टी १९९१ मध्ये समोर आल्या. मला हा पुरावा फार आवडतो. सपुष्प वनस्पतींच्या बियांतही, जिथे गर्भ आईकडच्या अन्नावर पोसला जातो, ठसे सापडतात.

पण 'आईबापांचा संघर्ष' लिहिलं की वाचकाला नवराबायकोचं भांडण वाटतं, आणि इथे आईबाप भांडत नाहीयेत, एकाच गर्भातल्या दोन प्रतींचं हित वेगळंय. म्हणून मी 'ओढाताण' लिहीन. आणि ते नाव या एका स्पष्टीकरणापुरतंच ठेवा, सगळ्या ठशांना लावू नका, कारण दुसरं एक स्पष्टीकरण बरोबर उलट म्हणतं, की काही जनुकांत आईकडची प्रत चालू राहते ती आई आणि पिल्लू यांचे गुण एकमेकांना जुळावेत म्हणून. तिथे 'जुळणी' हाच शब्द हवा.