मयिलापूरची मिरवणूक नेमकी कधी?

प्रश्न: चेन्नईच्या मयिलापूरमधली ६३ नायनमार संतांची मिरवणूक पाहायची आहे. फाल्गुन पौर्णिमा धरून तिकिटं काढू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: आपलं पंचांग धरू नका. तिकडचा ‘पंगुनी’ महिना सौर, साधारण १४ मार्च ते १३ एप्रिल. त्यातली पौर्णिमा कधी आपल्या फाल्गुनात येते, कधी चैत्रात. म्हणून मयिलापूरच्या शिवमंदिरातल्या कपालीश्वराचा १० दिवसांचा उत्सव, ज्यात ही मिरवणूक निघते, २०२४ साली होळीच्या सुमारास संपला, २०२५ साली हनुमान जयंतीच्या. सातव्या दिवशी रथ, आठव्या दिवशी दुपारी नायनमार. देवळाभोवतीच्या माडा रस्त्यांवर तेव्हा रिक्षा शिरत नाही. चेन्नई सेंट्रल स्टेशनसमोरच्या पार्क टाऊनहून लोकलने तिरुमयिलै हे मयिलापूरचं स्टेशन गाठा. एरवी जाणार असाल तर भरदुपारी नको, देऊळ बंद असतं. मिरवणुकीदिवशी खाण्याची चिंता नाही, ताक, पानक (गुळाचं सरबत) रस्त्यावरच वाटतात.